न पुसलेली पाटी

त्या दिवशी मी घरातून निघालो ते कूलरचा वाळा आणायला. एवढंच काम. वैशाखाचं ऊन, वाटूर फाट्यावरचं डांबर पघळून चपलेला चिकटून राह्यलेलं, आन् माझ्या दुकानातला कूलर थंड वारा द्यायच्या ऐवजी दम्याच्या पेशंटवाणी नुसता खोकायचा. म्हटलं, आज वाळा बदलून टाकू.

तुम्ही म्हणाल, भुताची गोष्ट सांगतो म्हणाला आन् वाळ्यापासून सुरू केली. दम धरा. मी जन्मभर लोकांना येड्यात काढलं, गावात असा एक माणूस न्हाई ज्याची मी टोपी उडवली न्हाई. पर ह्या गोष्टीत मी पदरचं काही घालणार न्हाई. घालायची गरजच पडत न्हाई.

मी बद्रीनाथ. फाट्यावरचा शिवकन्या फोटो स्टुडिओ माझा. शिवकन्या म्हंजे माझी बायको. दुकानाला तिचं नाव दिलं की ती खूश होऊन घरात बसंल, असा माझा अंदाज होता. अंदाज चुकला, ती दुकानातच येऊन बसायला लागली. शाळा माझी सातवीत सुटली. मी शाळेला सोडलं का शाळेनं मला, ते मास्तरला ठाऊक. पर परतूरपासून मंठ्यापर्यंत कुणाला बी इचारा, मेलेल्या माणसाचे डोळे कोण उघडून देतो? लहान लेकरू बी सांगंल, बद्रीमामा.

हसू नका. आमच्याकडं जुन्या बायामाणसांचे फोटोच नसायचे. माणूस जायचं आन् मंग घरच्यांना आठवायचं, आरं, फोटो तर काढायचा राह्यला! तिरडी बांधायच्या आधी मला बोलावणं यायचं. सारवलेल्या ओसरीवर मयताला टेकून बसवलेलं, मागून कुणीतरी धरलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोळे मिटलेले. मी फोटो काढायचो आन् तेरवीच्या आत त्याचे डोळे उघडून द्यायचो. आधी ब्रशनं उघडायचो, कॉम्प्युटर आला तसा त्याच्यावर. पद्धत ठरलेली, रक्ताच्या माणसाचे डोळे घ्यायचे, लेकाचे न्हाईतर लेकीचे, आन् बसवायचे. अंगावर नवं लुगडं, मागं तळं, तळ्यात हंस. जलमभर ज्यानं टँकर सोडून दुसरं पाणी पाह्यलं न्हाई, ते माणूस बी माझ्या फोटोत तळ्याकाठी बसायचं. लोक रडायचे आन् माझे हात धरायचे. अभिमान वाटायचा. आजबी वाटतो. का वाटू नये?

आता त्या कॉम्प्युटरचं सांगतो, कारण खरी गंमत तिथं हाय.

दोन हजार तीन साल. परतूरच्या गयासोद्दीननं मला जुने पार्ट जोडून एक मशीन बनवून देल्लं. पोरगा हुशार, हात सोन्याचा, तोंड मातुर कायम इंजेक्शन घ्यायला आल्यासारखं. त्या मशीनला एक खोड होती. एखादा प्रोग्राम उघडला की त्याची खिडकी भरायला जरा येळ लागायचा, आन् तेवढ्या येळात त्या कोऱ्या खिडकीत आधी कुणी काय पाह्यलं होतं त्याचे तुकडे दिसायचे. कुठं अर्धा चेहरा, कुठं चार ओळी, कुठं नुसती नथ. मंग झटकन पुसलं जायचं.

मला एवढं कळलं आन् माझी दिवाळी झाली. ग्रामसेवक भुजंगराव दुपारी यायचे, शिवकन्येला भाईर चहा सांगायला पाठवायचे, एकट्यानं मशीनवर इंटरनेट लावून काहीतरी पाह्यचे आन् सगळं बराबर बंद करून उठायचे. ते उठले की मी बसायचो, फोटोचा प्रोग्राम उघडायचो, आन् खिडकीत दिसायची टकली डोकी आन् तेलाच्या बाटल्या. मंग हाटेलात समद्या लोकांसमोर मी भुजंगरावाच्या कपाळावर हात ठेवायचो, डोळे मिटायचो आन् म्हणायचो, "साहेब, तुमच्या मनात केसं हायत. डोक्यावर न्हाईत, मनात हायत."

भुजंगराव पांढरेफट्ट. दोन महिन्यांत माझी कीर्ती अशी पसरली की लोक नारळ घेऊन यायला लागले.

गयासला मातुर हे पटायचं न्हाई. "चचा, हसू नका," तो म्हणायचा. "हे खतरनाक आहे. आत चित्र दाखवणारं कार्ड असतं, त्याची आपली एक पाटी असती. ज्याला चित्र काढायचं त्याला ती द्यायची, पर देण्याआधी पुसून द्यायची. हे काम ड्रायव्हरचं. हा ड्रायव्हर पुसतच न्हाई. एकाची पाटी दुसऱ्याच्या हातात."

"ड्रायव्हर? आत माणूस बसलाय का?"

"प्रोग्राम आहे चचा. त्याचं नाव ड्रायव्हर."

"मंग एसटीच्या ड्रायव्हरवाणीच हाय की. मागच्या गावाचे पॅसेंजर न उतरवता पुढच्या गावाचे भरतो."

गयास हसला न्हाई. "आज टकली दिसून राह्यली. उद्या कुणाच्या घरातली गोष्ट दिसंल, कुणाच्या लेकीचा फोटो दिसंल. कार्डाच्या कंपनीनं सोता कबूल केलंय, ड्रायव्हरमधी छेद आहे, भोक आहे म्हणून. नवा ड्रायव्हर काढलाय. मी सीडी आणतो, टाकून देतो."

मी आज-उद्या करत राह्यलो. माझं देवपण त्या छेदात होतं, ते मी कसं बुजवू देऊ? शेवटी त्यानं ऐकलं न्हाई, म्हणाला, ह्या शुक्रवारी नमाज झाली की येतोच.

त्याच शुक्रवारची ही गोष्ट.

आमच्या गावचा रामकिसन, त्याची बायको द्वारकाबाई वारली होती. तिचा फोटो मीच काढलेला, मयत झाल्यावर, ओसरीवर. जित्तेपणी तिचा एकबी फोटो न्हाई. लगीनसराईत मी कॅमेरा वर केला की ही बाई खांबामागं. पदर असा ओढलेला की मी शेजारच्या आळीत राहून कधी तिचं नाक पाह्यलं न्हाई. तिची लेक चतुराबाई अंकुशनगरला देल्लेली, जावई साखर कारखान्यात. तिला निरोप पोचला, ती निघाली, आन् ती फाट्यावर उतरली तव्हा स्मशानातून लोक माघारी येऊन राह्यले होते. आईचं तोंड काही दिसलं न्हाई.

शुक्रवारी सकाळी बापलेक माझ्या दुकानात आले. तेरवी दुसऱ्या दिवशी. मी फोटो तयार ठेवल्ता, निळं लुगडं, तळं, हंस, सगळं. डोळे चतुराचेच बसवले होते. तिनं पाह्यलं आन् मान हलवली.

"हे माझे डोळे हायत मामा. मी मलाच पाहून काय करू?"

"आगं, पोरीत आईच असती."

"आईचे घारे व्हते."

हे ऐकून रामकिसननं तिच्याकडं पाह्यलं. "घारे? काळे व्हते की. माणसाला असत्यात तसे."

"बाबा, तुमी कधी पाह्यले व्हते का?"

 रामकिसननं टोपी काढली, आत पाह्यलं, परत घातली.

चतुरानं मंग सांगितलं. आई नवी नवरी होऊन आली तव्हा बाया तिला मांजरडोळी म्हणल्या. तव्हापासून तिनं मान वर केली न्हाई. घरात लेकरांसमोर तेवढी करायची. "मामा, आमी दुपारी शाळेतून आलो की ती आमच्याकडं पाह्यची. नुसती पाह्यची. मला तसा फोटो पाह्यजे. माझ्याकडं पाहून राह्यली असा."

मी लगेच तेच डोळे कॉम्प्युटरवर घारे करून दाखवले. आता माझ्याकडं डोळ्यांचा साठा होता बरं का, काळे, तपकिरी, म्हातारे, तरणे, एक तर तिरळा बी होता, पर घारा एकबी न्हवता. जे झालं ते पाहून चतुराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ह्या गोट्या हायत मामा." पदरानं तोंड पुसून ती म्हणली, "राहू द्या. मिटल्या डोळ्याचा फोटो मी भिंतीला लावणार न्हाई. न्हाई जमलं तर मायचा फोटोच नको."

न्हाई जमलं! बद्रीला न्हाई जमलं! आजपर्यंत माझ्या दुकानातून मयत परत गेलं न्हवतं. मी म्हटलं, "पोरी, उन्हं कलल्यावर ये. तुझी माय तुझ्याकडं पाहणार." बोलून बसलो. आन् तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग. मशीन फटकन बंद.

मी प्लग काढून ठेवला, कारण आमच्याकडं लाईट येते ती रेड्यासारखी अंगावर येते. आन् मंग, डोकं चालत न्हाई तर निदान हातपाय चालवावेत म्हणून, वाळा आणायला गेलो.

माघारी आलो तव्हा फाटा सामसूम. भर दुपार. पानटपरीवाला टपरीखाली झोपलेला, कुत्री नालीत, मंठ्याकडच्या रोडवर एकबी गाडी न्हाई. तुम्हाला रातीची भीती वाटत असंल. आमच्या मराठवाड्यात भीती वैशाखातल्या दुपारी भेटते. राती निदान रातकिडा ओरडतो. ह्या येळेला काहीच ओरडत न्हाई.

लाईट आल्ती. मी शटर अर्धं खाली ओढलं, झळ येऊ नये म्हणून. नवा वाळा भरला, पाणी ओतलं. कूलर चालू झाला, थेंब थेंब पाणी ठिबकायला लागलं, आन् त्या वल्या वाळ्याचा वास दुकानभर पसरला. झकास वाटलं. अंधारगुडूप दुकान, शटरखालून आलेली उन्हाची एक पट्टी, आन् मी एकटा. शिवकन्या तेरवीच्या घरी पापड लाटायला गेल्ती.

प्लग लावला. मशीन चालू केलं. आधी काहीच उघडलं न्हाई, सरळ फोटोचा प्रोग्राम. खिडकी उघडली. कोरी.

आन् त्या कोऱ्या खिडकीत, मधोमध, एक आडवी पट्टी दिसली. दोन डोळे. खाली पाहणारे. पापण्या अर्ध्या, आन् पापण्यांच्या खाली घारा रंग.

मंग पुसलं गेलं.

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असंल? "व्वा!" मला वाटलं, घावले! कुणी गिऱ्हाईक बसलं असंल, त्याचा फोटो पाटीवर राह्यला असंल, फुकटात घारे डोळे भेटले. मी प्रोग्राम बंद केला, परत उघडला. परत पट्टी. तेच डोळे. आता नजर जरा बाजूला. कुणी हाक मारल्यावर माणूस पाहू का नको करतं तशी.

माझा हात माऊसवर तसाच राह्यला. तुकडा हलत नसतो. तुकडा म्हंजे शिळं चित्र, ते काय नजर फिरवतंय?

आन् मंग मला वास आला. वाळ्याचा न्हाई. वाळ्याच्या खालून, जसा पाण्याच्या तळातून गाळ वर येतो तसा, शेणानं सारवलेल्या ओसरीचा वास. ओला. ताजा. माझ्या दुकानात फरशी हाय.

मी मान वळवली न्हाई. मागं गिऱ्हाईकाचा बाक हाय, एवढंच मला आठवत होतं.

शटर खडखडलं. मी खुर्चीतून असा उडालो की डोकं फोटोच्या फ्रेमीला लागलं. खालून वाकून गयास आत आला, डोक्यावर रुमाल, हातात सीडी.

"चचा, अंधारात काय करून राह्यले?"

"गयास... हिकडं ये. बोलू नको."

त्यानं माझं तोंड पाह्यलं. "पुन्हा कुणाची गंमत?"

"माझीच चालू हाय बहुतेक."

मी प्रोग्राम उघडून दाखवला. डोळे आले. खाली पाहणारे. गेले.

"कोण बसलं होतं याच्यावर?" गयासनं हळूच इचारलं.

"कुणी न्हाई. सकाळपासून लाईट न्हवती. प्लग काढून ठेवल्ता. आता लावला."

"असं कसं..." तो पुढं आला. "चचा, करंट गेला की पाटी धुऊन निघते. कोरी होते. त्याच्यात काहीच राहू शकत न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग हे कुणाचं हाय?"

गयासनं सोता प्लग उपटला. हातात धरून उभा राह्यला. थेंब ठिबकत होते ते आयकत आम्ही दोघं उभे. मंग त्यानं प्लग लावला, मशीन उठलं, त्यानं सोताच्या हातानं प्रोग्राम उघडला.

डोळे आले.

"या अल्ला," गयास म्हणाला. "चचा... मी हे बंद करतो. सीडी टाकतो. आत्ताच्या आत्ता."

आन् आता आयका, कारण ह्या जागी दुसरा माणूस असता तर शटर सोडून पळाला असता. मी पळालो न्हाई.  मी त्या डोळ्यांकडं पाह्यलं आन् मला एकदम वळखू आलं. ती नजर मी हजार येळा पाह्यली होती. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसलेली बाईमाणूस! स्टुलावर अंग चोरून बसलेली, पदर कुठं धरावा कळत न्हाई, पाहावं का न्हाई कळत न्हाई. भूत-बीत राह्यलं बाजूला, समोर लाजलेलं गिऱ्हाईक होतं. आन् लाजलेल्या गिऱ्हाईकाला वर पाह्यला लावणारा ह्या जिल्ह्यात एकच माणूस हाय.

मी घसा साफ केला. टॉवेल खांद्यावर नीट टाकला.

"द्वारकाबाई," मी म्हटलं, जसं रोज म्हणतो तसं. "हनवटी जरा वर घ्या."

गयासनं माझा दंड धरला. "चचा, नका..."

"गप. गिऱ्हाईक हाय." मी प्रोग्राम बंद केला, उघडला. डोळे आले. पापण्या जरा वर. गेले.

"अस्सं. लई झकास. हितं कुणी परकं न्हाई बरं का. हा गयास हाय, ह्याला बाया पाहून घाम फुटतो, त्याच्याकडं लक्ष देऊ नका." बंद. उघडलं. नजर आता माझ्या छातीवर. वास असा दाटला की जणू माझ्या पायाखाली आत्ताच कुणी सारवत गेलंय.

"आता शेवटचं. कोण काय म्हणलं ते इसरून जा. चतुरा शाळेतून आली हाय. दारात उभी हाय, दप्तर खांद्याला. तिच्याकडं पाहा, बाई..."

मी उघडलं.

तिनं पाह्यलं.

मी काय सांगू तुम्हाला. मी लगीनं काढली, बारसे काढले, पुढाऱ्यांचे फोटो काढले. तशी नजर काढली न्हाई. मी प्रिंट स्क्रीनचं बटन दाबलं. आपल्याला इंग्रजी चार बटनं ठाऊक हायत, त्यातलं ते एक. चित्र पकडलं गेलं. मशीनवर राह्यलं, पुसलं गेलं न्हाई.

मी ते डोळे उचलले आन् फोटोवर ठेवले. रक्ताच्या माणसाचे डोळे बी मला घासूनपुसून बसवावे लागायचे, लहान कर, मोठे कर, तिरपे कर. हे ठेवले आन् बसले. जसं झाकण भांड्यावर बसावं. उजव्या डोळ्यात घाऱ्या रंगावर तिळाएवढा तांबूस डाग होता, तो मी पुसायला निघालो, पर हात धजला न्हाई. राहू देल्ला.

मंग माझ्या धंद्याची सवय नडली. डोळा उघडला की त्यातली चमक तपासायची, उजेड कुठून आला ते कळतं. मी डोळा मोठा केला. अजून मोठा. चमकेत उन्हाची एक आडवी पट्टी होती, अर्ध्या शटरखालची. तिच्यासमोर एक म्हातारा पुढं वाकलेला, खांद्यावर टॉवेल, तोंड उघडं. त्याच्यामागं रुमालवाला एक पोरगा, त्यानं तोंडावर हात धरलेला.

माझ्या मशीनला कॅमेरा न्हवता.

"चचा," गयास कुजबुजला, "हे तर आपण हाय."

"व्हय," मी म्हटलं.  "मी तिचा काढला आन् तिनं माझा."

बारका केला डोळा. पुन्हा मोठा केला न्हाई.

गयासनं तिथंच सीडी घातली आन् नवा ड्रायव्हर टाकला. मशीन बंद झालं, चालू झालं. प्रोग्राम उघडला. खिडकी कोरी. परत उघडला. कोरी. तुकडा न्हाई, नथ न्हाई, टक्कल न्हाई. "झालं," तो म्हणाला, "छेद बंद." वास बी कमी होत गेला आन् वाळ्याचा वास उरला. माझं देवपण त्या दिवशी संपलं. भुजंगराव अजून मला टरकून असतात ते निव्वळ सवयीनं.

उन्हं कलली तशी बापलेक आले. फोटो मी फ्रेम करून टेबलावर उभा ठेवल्ता, वरून कागद. कागद काढला.

 चतुरानं काचेवर बोट ठेवलं, उजव्या डोळ्यापाशी. "हा डाग," ती म्हणली. "मामा, हा डाग मी तुमाला सांगितला न्हवता."

"न्हाई."

"कुणालाच सांगितला न्हवता. तिच्या लई जवळ गेलं तरच दिसायचा. मंग तुमाला कुठून..."

"धंद्याचं गुपित हाय," मी म्हटलं, आन् छाती काढली. खोटं कुठं होतं त्यात?

ती रडली न्हाई. ती हसली. बाकावर बसली, फोटो मांडीवर घेतला आन् दोघी एकमेकींकडं पाहत राह्यल्या. रामकिसन लांब उभा होता. मी म्हटलं, "भाऊ, या की जवळ." तो आला. त्यानं बायकोकडं पाह्यलं, आन् बायकोनं त्याच्याकडं. सगळा जन्म एका घरात काढलेला माणूस, त्यानं मान खाली घातली. "द्वारके," म्हणाला, आन् टोपी काढून हातात धरली.

तेरवीला फोटो पाटावर मांडला तव्हा सगळं वाटूर पाह्यला आलं. मांजरडोळी म्हणणाऱ्यांतल्या ज्या दोन-चार म्हाताऱ्या जित्त्या होत्या त्या पार दारातून माघारी फिरल्या. त्यांना त्या डोळ्यांना नजर देता येईना. मी तिथंच मांडवात उभा, टॉवेल खांद्यावर, आन् जो इचारंल त्याला सांगत, "व्हय, मीच उघडले."

आठवडाभरानं गयास चहाला आला. बशीत चहा ओतला, पिला न्हाई.

"चचा, एक इचारू? आपण तो छेद बंद केला... तव्हा बाई आत व्हती का भाईर?"

मी हसलो. माझं हसू फाट्यापर्यंत आयकू जातं, त्या दिवशी बी गेलं असंल.

वर्षश्राद्धाला चतुरानं मला अंकुशनगरला बोलावलं. फोटो तिनं सासरी नेल्ता. कारखान्याची क्वार्टर, दोन खोल्या, भाईर चिपाडाचा आन् मळीचा वास. जेवणं झाली, माणसं पांगली, दुपार झाली. मी म्हटलं, चला, आपलं काम पाहून येऊ. आतल्या खोलीत गेलो. भिंतीवर फ्रेम होती, पर तिच्यावर फडकं टाकलेलं.

"चतुरा, हे झाकलंय का? मी एवढा झिजलो काय फडक्यासाठी?"

"हळू बोला मामा," ती म्हणली, ताट पुसत, अगदी साधं. "दुपारचा तिचा जरा डोळा लागतो."

मी तिच्याकडं पाह्यलं. मला येड्यात काढून राह्यली! मला! मला मनातून लई बरं वाटलं, म्हटलं, गावची लेक शोभते. मी बी हळू बोललो, पाय न वाजवता भाईर आलो, ओसरीत बसलो. मी तिच्यापेक्षा दोन पावलं पुढं, दाखवायचं न्हाई की कळलं.

उन्हं कलली. तिनं चहा केला. मंग आत जाऊन फडकं काढलं, घडी करून ठेवलं आन् मला हाक मारली.

द्वारकाबाई माझ्याकडं पाहून राह्यली होती. तेच घारे डोळे, तोच डाग. काय काम केलंय बद्री, मी मनात म्हटलं. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटन ताणलं. म्हटलं, जवळून पाहू. चष्मा लावला, काचेला नाक लावलं.

तिच्या डाव्या गालावर रेघा होत्या. बारीक, एकाखाली एक, तुटक तुटक. मी सदऱ्यानं काच पुसली. काचेवर न्हवत्या. ते गाल मी माझ्या हातानं गुळगुळीत केल्ते, एक सुरकुती ठेवली न्हवती. बोटानं त्या रेघांवरून गेलो तव्हा कळलं काय हाय ते. गोधडीचे टाके. गालाखाली गोधडी घेऊन बराच येळ झोपलं की उमटतात ते.

त्या फोटोत मी तळं टाकल्तं. हंस टाकल्ते. गोधडी टाकली न्हवती.